वन्संच्या हाताखाली

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी माझा माउस जप्त झाला.

सगळ्यांसमोर. वन्सं माझ्या टेबलाशी आल्या, वायर उपटली, माउस ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "इथे सगळ्यांना फक्त कीबोर्ड. हात सारखा माउसकडे धावतो, त्यातच निम्मा दिवस जातो." मग पुढच्या टेबलाकडे वळल्या. मी जणू कुणीच नाही.

निदान 'बसलीस का नीट' एवढं तरी विचारतील असं वाटलं होतं. सकाळी एकाच बसने आलो. बसमध्ये त्या ताई होत्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि मॅडम झाल्या. नवऱ्याची सख्खी मोठी बहीण आणि डिझाइन विभागाची प्रमुख, दोन्ही एकाच देहात — म्हणजे घरी नणंद, दारी नणंद. तोंडावर वन्सं म्हणायची आपली छाती नाही. इथे म्हणून घेते.

लेक झाली तेव्हा काम सोडलं होतं. ती आता स्वतःची वेणी स्वतः घालते. त्याआधी मी छापखान्यासाठी काम करायचे — पत्रिका, खोके, औषधांची लेबलं. तेव्हा काम कागदावर उतरायचं आणि संपायचं. आता मोबाइलच्या स्क्रीन करायच्या. एका इस्पितळाचं ॲप आहे. रुग्णाने घरबसल्या डॉक्टर निवडायचा, नंबर लावायचा, रिपोर्ट बघायचे. एक स्क्रीन म्हणजे एक पान, आणि पानं संपता संपत नाहीत.

वन्संनी साहेबांकडे शब्द टाकला म्हणून नोकरी मिळाली. हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. चहाच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणालं, "वशिल्याचं तट्टू." हळूच म्हणालं. मला ऐकू येईल इतकंच हळू.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभरात एक चौकोन काढला. घरी कांदा चिरताना डावा हात ओट्यावर 'कंट्रोल' शोधत होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आजचा धडा — नावं ठेवणे. त्यात वन्संचा हात कोण धरणार?

पण इथे खरोखरच ठेवायची असतात. स्क्रीनवरच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. मी दिलं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने आपलं आपण दिलं होतं — चौकोन अमुक, चौकोन तमुक, खाली लांबच लांब रांग. वन्संनी ती रांग वरपासून खालपर्यंत सरकवली आणि विचारलं, "घरी लेकीला 'माणूस क्रमांक तीन' अशी हाक मारतेस?"

सगळे हसले. मीही हसले. तट्टूला न हसून कसं चालेल.

"उद्या तू आजारी पडलीस तर तुझी फाइल दुसरं कुणीतरी उघडणार. त्याला 'डॉक्टरचा फोटो', 'वेळ', 'नंबर घ्या' असं दिसलं पाहिजे. हे चौकोनांचं गोदाम कशाला?"

शेजारच्या टेबलावर अंतिमराव बसतो. हे मी ठेवलेलं नाव. त्याच्या फाइलींची नावं अशी — 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरोखर', 'अंतिम हीच घ्या'. यातली कुठली घ्यायची ते त्यालाच विचारावं लागतं आणि तो जागेवर नसतो. त्याला वन्सं चकार शब्द बोलत नाहीत. "त्याला सांगून उपयोग नाही," म्हणाल्या. म्हणजे मला सांगून आहे. हे कौतुक की शिक्षा, देव जाणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

वन्सं जेवायला. एकट्या राहतात, दोन गल्ल्या सोडून. रविवारचं जेवण आमच्याकडे. स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "मिठाचा आणि साखरेचा डबा सारखाच का? लेबल लाव." सासूबाई गालातल्या गालात हसल्या. नवऱ्याने ताटातून मान वर काढली नाही.

त्या गेल्यावर मला म्हणाला, "ताईचं मनावर घेऊ नकोस. मनाने चांगली आहे ती." ज्यांच्याबद्दल असं मुद्दाम सांगावं लागतं, नेमकं त्यांच्याच हाताखाली माणसाला काम का मिळतं?

सोमवार, १० फेब्रुवारी

भाजीत साखर पडली. लेबलं लावली. वन्संना कळू देणार नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज 'मूळ बटण' शिकले. ही गंमत आहे खरी. एक बटण नीट बनवायचं, त्याला मूळ ठरवायचं, आणि बाकी सगळ्या स्क्रीनवर त्याच्या प्रती लावायच्या. मुळाचा रंग बदलला की पोरंबाळं सगळी आपोआप रंग बदलतात. मी आजवर काय करत होते? एकेक बटण हाताने रंगवत होते. दिवाणखान्याला रंग द्यायला नेलपॉलिश घेऊन बसल्यासारखं.

आमच्या घरी सासूबाई मूळ आहेत. त्यांचा चेहरा पडला की सगळ्यांचे पडतात.

प्रत मुळापासून तोडायचीही सोय आहे. एक कळ दाबली की ती स्वतंत्र. मी एक तोडली, कारण मला तिथे जरा लांब बटण हवं होतं. वन्संना लांबून कशी दिसली कोण जाणे.

"तोडलीस?"

"जरा मोठं हवं होतं."

"मोठं हवं असेल तर मुळातच मोठ्याची सोय कर. तोडलेलं बटण कुणाचंच राहत नाही. सहा महिन्यांनी रंग बदलेल तेव्हा हेच एक जुन्या रंगाचं राहील, आणि रुग्ण म्हणेल ॲप बिघडलंय."

पुन्हा जोडलं. राग आला. पण पटलं — तेच जास्त लागलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. गळ्यात अजून तिथल्या ओळखपत्राची पट्टी आहे, काढायला तयार नाहीत. आल्या आल्या भिंतीवर फळा लावला. रोज कुणी किती स्क्रीन केल्या ते त्यावर लिहायचं. वर मोठ्या अक्षरांत 'वेग'. तिथे कुणी थोर माणूस म्हणे बोलला, की उत्तम डिझायनर पाचपट वेगाने काम करतो. कुणाच्या पाचपट, ते साहेबांनी विचारलं नाही.

वन्सं एवढंच म्हणाल्या, "साहेब, मोजायला लागलात की माणसं पाट्या टाकतील."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा जुन्या वळणाच्या."

मी खाली बघून हसू दाबलं. वन्संना कुणीतरी बोललं! रोजनिशीत खोटं कशाला लिहा — बरं वाटलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फळ्यावर मी पहिली.

स्वतःवरच विश्वास बसेना. पण खरंच हात चालायला लागलाय. माउस नसल्याचं आता आठवतही नाही. फ्रेम, मजकूर, प्रत, जागा — सगळं बोटांत आलंय. अंतरं आठच्या पटीत ठेवायची, हाही वन्संचाच नियम. त्यामुळे दर वेळी डोळे बारीक करून 'थोडं डावीकडे, नको थोडं उजवीकडे' हा खेळ बंद झाला. टाकाऊ प्रयोगांना वेगळं पान — 'अडगळ'. मुख्य पानावर फक्त कामाचं.

अंतिमराव दुसरा. तो एकच स्क्रीन घेतो, रंग बदलतो, मोजतो. पुन्हा रंग बदलतो, पुन्हा मोजतो. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतात.

वन्सं शेवटच्या. बाकीच्यांच्या फाइली तपासत बसतात, स्वतःच्या स्क्रीन होणार कधी? चहाच्या मशीनपाशी आता मला कुणी तट्टू म्हणत नाही. त्यांच्याबद्दल बोलतात. मी ऐकते आणि चहात साखर ढवळत राहते.

मंगळवार, ४ मार्च

वन्संनी माझ्या पहिल्या नंबराची हवा काढली.

माझी डॉक्टर निवडायची स्क्रीन. देखणी झाली होती. सगळी नावं छोटी, सगळे विभाग दोन शब्दांत. वन्संनी माझ्या खांद्यावरून वाकून सांगितलं, "इथे लिही — अस्थिरोग व सांधेप्रत्यारोपण विभाग."

लिहिलं. बटण फाटलं. अक्षरं शेजारच्या डॉक्टरच्या फोटोवर चढली.

"खरा मजकूर टाकून बघत जा. 'अबक अबक' लिहून सगळंच सुंदर दिसतं. आणि चौकट मजकुराबरोबर वाढेल अशी बांध. अक्षरांना कोंडायचं नाही."

मग चौकट ताणती कशी ठेवायची ते शिकवलं. मजकूर वाढला की चौकट वाढते, खालचं सगळं आपोआप खाली सरकतं. आमच्या सोफ्यावर पाहुणे आले की घरातले जसे सरकतात तसं. मग ती स्क्रीन माझ्याच मोबाइलवर पाठवायला लावली. "मोठ्या पडद्यावर बघून मत द्यायचं नाही. हातात धर. एका हाताने. अंगठा पोचतो का बटणापर्यंत?"

नव्हता पोचत.

"इस्पितळात येणाऱ्याचा दुसरा हात रिकामा नसतो," म्हणाल्या. "त्यात फाइल असते, नाहीतर म्हातारं माणूस."

यावर टोमणा सुचला नाही. सुचला की लिहीन.

मंगळवार, ११ मार्च

बसून सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

आज इस्पितळाची माणसं आली होती ॲप बघायला. त्यांच्या व्यवस्थापिका बाई, बरोबर दोन डॉक्टर. मोठी खोली, मोठा पडदा. साहेब नव्या कोटात. वन्सं कोपऱ्यात. साहेबांनी मोबाइल बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच नंबर लावून बघा."

बाईंनी डॉक्टर निवडला. खाली 'पुढे चला' असायला हवं होतं. तिथे लालभडक 'रद्द करा'. त्यांनी मागे जाऊन दुसरा डॉक्टर निवडला. 'रद्द करा'. रिपोर्ट बघायला गेल्या — 'रद्द करा'. मदत हवी आहे का — 'रद्द करा'.

"तुमच्याकडे रुग्णाने काहीही केलं तरी रद्दच होतं वाटतं," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. साहेबही हसायला गेले, पण चेहऱ्याने साथ दिली नाही.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. अंतिमराव. त्याला सकाळी एक लाल बटण हवं होतं. नवीन बनवायचा कंटाळा, म्हणून पठ्ठ्याने मूळ बटणच रंगवलं आणि त्यावरची अक्षरं बदलली. सगळी पोरंबाळं एका दमात लाल. त्याने फळ्यावर एक स्क्रीन वाढवली आणि डबा खायला गेला.

वन्सं पुढे आल्या. आवाज नेहमीचाच. "पाच मिनिटं द्या." लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू चालव."

मी घाबरले. "तुम्हीच करा ना."

"चालव म्हणते ना. फाइलीचा इतिहास उघड. खाली ये. काल संध्याकाळी मी नाव देऊन जपलेली एक प्रत आहे — 'इस्पितळाला दाखवायची'. ती परत आण. आजचं पुसू नकोस, त्याची वेगळी प्रत काढून ठेव."

त्या सांगत गेल्या, मी दाबत गेले. एकदाही माउसला हात लावला नाही. लाल बटणं एका दमात निळी झाली. व्यवस्थापिका बाईंनी पुन्हा मोबाइल घेतला, आणि या वेळी नंबर लागला. त्या साहेबांशी बोलत होत्या, पण बघत होत्या वन्संकडे.

सगळे गेल्यावर वन्संनी डबा काढला. तिसरा प्रहर उलटून गेला होता, सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. डबा माझ्यासमोर ठेवला. "उघड."

ऑर्डरच. मी उघडला. नेहमीच उघडते, रोज. त्यांना हुकूम सोडायची सवय आहे असं समजून चाललेले. आज पहिल्यांदा त्यांच्या उजव्या हाताकडे नीट पाहिलं. मांडीवर पडला होता, बोटं अर्धी वळलेली, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. चमचा त्यांनी डाव्या हाताने उचलला.

"कधीपासून?"

त्यांनी आधी घास गिळला. "वर्ष होऊन गेलं. मानेतली नस दबलीय. पकड जाते. आता माउस धरता येत नाही."

"म्हणून सगळ्यांना कीबोर्ड?"

"कीबोर्डने काम पटकन होतं ते खरंच आहे. पण मी एकटीच माउसशिवाय दिसले असते तर लोकांनी विचारलं असतं. अख्खा मजलाच कीबोर्डवर बसवला, कुणी विचारलं नाही." मग चमचा डब्यात ठेवून, "घरी बोलू नकोस. आईला झेपायचं नाही."

फळ्यावर त्या शेवटच्या का, तेही मग कळलं.

बुधवार, १२ मार्च

कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पोट फुटायची वेळ आली आहे.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं लाल बटणांचं बिल कुणावर तरी फाडायचं असेल.

उलटंच. "बसा. तुमचा वेग बघतोय मी. इस्पितळवालेही खूश आहेत. विभागाला आता ताज्या दमाचा माणूस हवा. मॅडमची जागा तुम्ही सांभाळाल का?"

"आणि मॅडम?"

"त्यांना सल्लागार वगैरे करू. सन्मानाने." सन्मानाने हा शब्द साहेब ज्या प्रकारे उच्चारतात, त्यावरून माणूस लिफ्टपर्यंत पोचला असं समजावं. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली — "त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप तुमच्याकडे का दिला हो? हाताचं काही आहे का? तुम्ही घरच्या, म्हणून विचारतो."

मी फळ्याकडे बघत बसले. केबिनच्या काचेतून दिसतो तो. काही नाही म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचललीच नाही. साहेबांनी थोडं थांबून मान हलवली. "असो. समजलो."

मी काहीही सांगितलं नाही. न बोलणं हेही सांगणंच असतं, हे जिना उतरताना समजलं.

आणि लिहितेच आहे तर हेही — खुर्ची मला हवी होती. वन्संच्या हाताची बातमी कळायच्याही आधीपासून.

मंगळवार, १८ मार्च

नवऱ्याला खुर्चीचं सांगितलं. तो म्हणाला, "ताईला विचार." हा माणूस मुळापासून तुटलेलाच नाही.

गुरुवार, २० मार्च

सासूबाईंच्या कानावर गेलं. "घरातली खुर्ची घरातच राहतेय, बिघडलं कुठे?" असं म्हणून पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या. सिंहासनाचा प्रश्न इतक्या लवकर कुठल्याच राजवाड्यात सुटला नसेल.

रविवार, २३ मार्च

वन्सं जेवायला आल्या. मीच विषय काढला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. लेक शेजारी खेळायला गेली होती. सासूबाई आत पडल्या होत्या. नवरा टेबलाशी, पण असून नसल्यासारखा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घे की. तू नाही घेतलीस तर तो साहेब त्या अंतिमवाल्याला बसवेल. मग रुग्णांचं काही खरं नाही."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माझ्या हाताचं त्याने विचारलं?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काही नाही असं म्हणालीस, की काहीच म्हणाली नाहीस?"

मी आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"म्हणजे सांगितलंस."

"ताई, मी एक अक्षरसुद्धा —"

"अक्षर लागत नाही गं." ताट पुढे सरकवलं. भात तसाच. "मला काढायचं तर माझं काम बघून काढा. हात कशाला मध्ये? आता मी जिथे जाईन तिथे माझ्याआधी हा हात पोचेल."

नवऱ्याने विचारलं, "कुठला हात? काय झालंय हाताला?"

वन्सं उठल्या, चपला घातल्या. पट्टा डाव्या हाताने लागेना. मी वाकले तर पाय मागे घेतला. पट्टा न लावताच गेल्या.

मग नवऱ्याला सगळं सांगावं लागलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "रोज तिचा डबा तू उघडत होतीस, आणि मी भाऊ असून मला माहीत नाही." उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

सोमवार, २४ मार्च

वन्संनी राजीनामा दिला. उरलेली रजा लावली आणि दुपारी निघाल्या. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या, ड्रॉवर उघडला, माउस काढून समोर ठेवला.

मंगळवार, १ एप्रिल

आजपासून मी प्रमुख. तारखेचा विनोद सगळ्यांनी करून झाला, मी कशाला मागे राहू.

साहेबांनी हार घातला नाही एवढंच. फळ्यावरून माझं नाव पुसलं — प्रमुखांना मोजत नाहीत म्हणे. वन्संना मात्र मोजत होते. विचारलं तर साहेब म्हणाले, "तो जुना विषय."

बुधवार, ९ एप्रिल

खुर्चीतून वेगळंच दिसतं. दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली. बिनानावाचे चौकोन, तुटलेली बटणं, सातच्या, अकराच्या, मनाला येईल त्या अंतरांवर पेरलेला मजकूर. टिपण्या लिहून लिहून बोटं दुखतात. पहिल्या टिपण्या अशा लिहिल्या — 'हे जरा बघा'. कुणी काही बघितलं नाही. मग जागेवर बोट ठेवून लिहायला शिकले — 'हे अक्षर लहान आहे, चष्म्याशिवाय वाचता येत नाही, मोठं करा'. दहा मिनिटांत झालं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. निदान एवढं तरी माझं.

अंतिमराव मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही अगदी जुन्या मॅडमसारख्या व्हायला लागलात." शिवी देतो की काय ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. त्याची आजची फाइल — 'अंतिम मॅडम म्हणाल्या तशी'.

साहेबांना सांगितलं, फळा काढा. म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

रविवार, १३ एप्रिल

आजही वन्सं आल्या नाहीत. सासूबाईंना हाताचं समजलंय, नवऱ्याने सांगितलं. वाटलं होतं कोसळतील. कोसळल्या नाहीत. डबा भरला, लेकाच्या हातात दिला. "झाकण सैल लावलंय, सांग तिला."

तो दोन तास तिथेच होता. परत आला तेव्हा रिकामा डबा आणि चेहरा जरा बरा. "व्यायाम चालू आहेत. बोटं थोडी हलतात."

"माझं काही विचारलं?"

"नाही." मग बूट काढता काढता, "तुझ्याबद्दल वाईटही बोलली नाही. ताई एखाद्याबद्दल वाईट बोलत नाही म्हणजे काम कठीण आहे."

सोमवार, २१ एप्रिल

संध्याकाळी वन्संच्या दारापर्यंत गेले. घंटीवर बोट ठेवलं. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता — त्यांच्या हसण्याचा. मी काय बोलणार होते ते घोकून आले होते, तेवढ्यात विसरले. घंटी न वाजवता परत आले. प्रमुख म्हणे!

शुक्रवार, २५ एप्रिल

इस्पितळाचा निरोप आला. त्यांनी त्यांच्या बाजूने ॲप तपासायला म्हणून माणूस नेमलाय. इथून पुढे आमची एकही स्क्रीन त्याच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही. साहेब म्हणाले, "पडेल चेहऱ्याचा एखादा कारकून असेल, गोड बोलून उरकून घ्या."

सोमवार, २८ एप्रिल

दार उघडून वन्सं आत आल्या. गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र, उजव्या मनगटाला आधाराचा पट्टा — उघडा, कुणालाही दिसेल असा. साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही?"

त्यांच्याकडे न बघता त्या मला म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या स्क्रीन पाहिल्या, मॅडम." तुमच्या. मॅडम. "पुन्हा करायच्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या," म्हणाल्या, आणि साहेबांनी पुढे केलेली समोरची खुर्ची सोडून, माझ्या शेजारची ओढून बसल्या.